तळाची ओळ

दोंडाईच्याचे हिरालाल चिंधू बडगुजर
धुळ्यात आले की आधी गल्ली नंबर पाचमध्ये
माझ्या खुर्चीमागे उभे राहतात, चपला न काढता.
त्यांच्या मिरचीची वेबसाइट तयार आहे:
वर लाल पट्टा, मध्ये वडिलांचा फेट्यातला फोटो,
त्याखाली त्यांनीच सांगितलेलं वाक्य,
नकली मालापासून सावध राहा, आमची कोठेही शाखा नाही.
मग त्यांचं बोट स्क्रीनच्या तळाशी जातं,
काचेवर तिखटाचा ठसा उमटतो.
'हाऊ कोन शे?'

करड्या, बारीक अक्षरांत एक नाव आहे.
टेम्प्लेट बनवणाऱ्याचं.
कुठल्या देशाचा, मला नीट माहीत नाही,
उच्चारही मी दर वेळी वेगळा करतो.
त्यानं सगळं फुकट दिलंय, शेठ.
वापरा, बदला, त्यावर धंदा करा,
फक्त हे नाव राहू द्या म्हणतो.
नकोच असेल तर तेराशे रुपये भरून काढता येतं.
'आपला गावना शे का?'
नाही.
'मंग काढी टाक ना, भो.'

काढणं किती सोपं आहे हे मी त्यांना सांगत नाही.
तीन सेकंद.
साक्रीच्या ट्रॅक्टरवाल्याचं काढलं,
पारोळ्याच्या दंतवैद्याचं काढलं,
एका कोचिंग क्लासच्या पानावर तर त्याच जागी
माझंच नाव टाकलं, मोबाइल नंबरासकट.
रात्री झोप लागली होती. खोटं कशाला सांगू.

खाली भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर
बापू नावं घालतात.
स्टीलच्या डब्यावर, पितळी तांब्यावर
मशीन डासासारखं चावत जातं,
ठिपक्याठिपक्यांनी उभा राहतो कुणाचा तरी मामा,
त्याचं गाव, लग्नाची तारीख.
चाळीस वर्षांत दोनदाच उलटं काम आलं,
हे नाव घासून द्या म्हणून.
दोन्ही वेळा बापूंनी मशीन बंद केलं
आणि चहा मागवला.
माणूस चहा पिऊन, परात काखेत मारून गेला.

आमच्या गल्लीचं भरिताचं एक पातेलं आहे,
दोन माणसांनी धरावं लागतं.
हिवाळाभर ते फिरतं, या मळ्यातून त्या गच्चीवर.
त्याच्या काठावर सरूबाई दशरथ जिरे.
तिला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही.
भाडं कोणी देत नाही, कोणी मागत नाही.
रात्री पातेलं काळंकुट्ट होतं,
सकाळी राखेनं घासलं की
सरूबाई पुन्हा निघते.

तेवढ्यावरून मला शहाणपण सुचलं.
ओळ ठेवली, फक्त तिचा रंग पांढरा केला.
पांढऱ्यावर पांढरा.
माउस ओढला तरच नाव निळं होऊन वर येतं.
शेठ खूश. लायसन्सही खूश असावं, असं वाटलं.
जेवताना बापूंना सांगितलं, जरा फुशारकीनंच.
'काजळी चुलीची असते,' ते म्हणाले,
'ही तू लावलीस.'
मग कळण्याची भाकर मोडत राहिले,
ठेचा माझ्याकडे सरकवला नाही.

सकाळी रंग परत करडा केला.
बिल पाठवलं:
नाव ठेवण्याचे, शून्य.
नाव काढण्याचे, तेराशे,
तेही माझे नाहीत, त्याचे.
आज अठरावा दिवस.
बडगुजर शेठ फोन उचलत नाहीत,
ओळ आहे तिथे आहे.

कोचिंग क्लासच्या पानावर अजून माझं नाव आहे.
ते काढ असं कोणी म्हणालेलं नाही.
तीन सेकंदांचं काम.