नाव जोडा

ह्यांच्या मागे राहिलं ते एवढंच:
पेन्शनची फाइल, दोन बंद घड्याळं
आणि एका काळ्या डबीत
चौदा हजार तीनशे बारा फोटो.

निनाद पुण्याहून म्हणाला, सोपं आहे गं,
चेहरे ते आपोआप ओळखतं,
तू फक्त नावं घालायची.
मग रामबागेतल्या खोलीत, पंखा दोनवर,
मी आणि ते समोरासमोर बसलो
स्थळ बघायला बसावं तसे.

पहिल्याच दिवशी त्यानं ह्यांचे दोन केले,
मिशीचे वेगळे, बिनमिशीचे वेगळे.
माझे तीन.
वन्संना आणि मला मात्र एकाच गोलात घातलं,
त्या असत्या तर महिनाभर बोलल्या नसत्या.
राजवाड्याच्या भिंतीवरल्या ओलीतसुद्धा
त्याला कुणीतरी दिसलं
आणि अदबीनं विचारलं: हे कोण?

हीच व्यक्ती का?
हो. नाही. माहीत नाही.
इतकी तुटक उत्तरं
मी जन्मात कुणाला दिली नव्हती.

चौथ्या दिवशी एक बिननावाचा गोल आला.
सासऱ्यांचे एकोणीस, सख्ख्या भावाचे तेवीस,
ह्याचे एकसष्ट.
नवरीच्या शालूमागे, मुंजमुलाच्या कानाशी,
कडेला अर्धा कापलेला, वाकलेला,
हातात बादली आणि डाव.
पुढे पंगती गेल्या, बुफे आला,
तो टेबलामागे उभा राहिला
कागदी टोपी घालून.
ह्यांची मिशी ज्याला झेपली नाही
त्यानं ह्याचं टक्कल पडणं
वर्षावर्षानं बिनचूक ओळखलं,
कारण एकसष्ट फोटोंत चेहऱ्यावर एकच भाव:
पुढच्या पानावर काय संपलंय.

मी त्याला शंभरदा हाक मारली असेल.
अहो मठ्ठा! अहो भात! अहो जिलबी, इकडे!
हातात जे, तेच नाव.
चौकटीत मी ‘मठ्ठा’ लिहिलं.
त्यानं काही हरकत घेतली नाही.
एकसष्ट फोटोंखाली एकसष्टदा मठ्ठा.

रात्री दोनला उठून पाणी प्यायले.
सकाळी दिघे केटरर्सना फोन लावला.
तो होय, गेंदालाल.
गुडघे गेले त्याचे,
सुखलियात मुलाकडे असतो.

ई-रिक्षानं गेले. त्यानं चष्मा पुसला,
टॅबलेट परातीसारखा दोन्ही हातांनी धरला.
मराठी त्याचं पंगतीत शिकलेलं:
‘सावकाश होऊ द्या’ आणि ‘संकोच नको’.
बाकी सगळं हिंदीत.
चेहरे त्यानं बघितलेच नाहीत,
स्वतःचासुद्धा.
लग्नं ओळखली ती पानांवरून.
हे, जिथे रबडी कमी पडली
आणि तो सायकलवर सराफ्याला पळाला.
हे, जिथे वरपक्षानं पुऱ्या परत पाठवल्या.
ही मुंज, निनादची,
मुलानं लाडू खिशात घातले होते.
(हे मला माहीत नव्हतं.)

मग बोटानं मागे, पुढे, परत मागे.
“बैठा हुआ एक भी नहीं है क्या, बाई साब?”

मीही शोधलं. खरंच शोधलं.

निघताना त्याचा एक काढला,
खाटेवर बसलेला, बशीत चहा,
सून मागे दारात, हसू आवरत.

घरी येऊन मठ्ठा पुसला,
गेंदालाल लिहिलं, एकदाच,
एकसष्ट ठिकाणी आपोआप झालं.
पण खाटेवरचा त्यानं त्यात घेतला नाही.
नवा गोल केला, एकाच फोटोचा,
आणि तेव्हापासून विचारतंय
हीच व्यक्ती का?

अजून काही दाबलेलं नाही मी.
पंखा दोनवर आहे.