एक बोट पाणी

आठ दिवसांत एक बोट.
डब्यावरच्या खुणेशी बोट लावून मी मोजायचो,
सकाळी, गार इंजिनावर, दूधवाला यायच्या आधी.
दर सोमवारी एक बोट कमी
आणि खाली फरशी ठणठणीत कोरडी.
रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं;
सकाळी त्यावर फक्त बातम्या.

एकतीस वर्षं कोर्टात बेलीफ होतो.
असे पक्षकार खूप पाहिलेत:
चूल गरम, चपला दारात,
आणि माणूस म्हणे गावाला गेलाय.

मग मी केलं ते सगळेच करतात.
सीटमागे बोअरच्या पाण्याची बाटली ठेवली,
खारं, चहाही फाटेल असं,
आणि सोमवारचं बोट सोमवारी भरत गेलो.

कोकिळा म्हणाली, "माझी चप्पल चिकटते गाडीत."
म्हटलं, रस सांडला असशील उसाचा.
"काच आतून धुरकटते. गोड वास येतो."
म्हटलं, दोंडाईच्यात राहून गोड वास?
इथं मिरचीपुढे नाक शिल्लक राहतं का कुणाचं?
ती गप्प झाली.
नंदुरबारला बहिणीकडे जाता-येता
पाय जरा अधांतरी धरून बसायला लागली.

शिंदखेड्याच्या फाट्यावर काटा लालात गेला,
तेव्हा कुठे सुपडू मिस्त्री.

त्याचं गॅरेज मिरचीच्या पथारीला लागून.
मार्चअखेर, हवेत खकाणा.
तो आधी तीनदा शिंकला, मग बोनेट उघडलं.
रेडिएटरच्या टोपणाचं रबर नखानं दाबलं: ठीक.
पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवलं: कोरडं.
नळ्यांचे क्लिप एकेक वळवून पाहिले.
"आठे नही. तठे नही. मंग पानी कथा जास?"

जुन्या टोपणाला सायकलचा वॉल्व्ह डकवून
त्यानं स्वतःच एक यंत्र केलं होतं, वर घड्याळासारखा काटा.
पंपानं हवा भरली, बेतानं,
आणि मला म्हणाला, बोलू नका.
मिरची पालथणाऱ्या बायांचं हसणं तेवढं ऐकू येत होतं.
काटा उतरला. केसभर. मग अजून केसभर.

"भाऊसाहेब, बाहेर नहीच. मझार शे."

त्यानं डावीकडचं दार उघडलं,
कोकिळेची चप्पल असते तिथला मॅट उचलला.
खालचं गोणपाट हिरवट, ओलं.
त्याच्या दोन बोटांत एकतारी पाक.
मी पाकाकडे पाहत राहिलो,
बाकावर ती बसली होती तिकडे नाही.

हीटर.
सव्वीस वर्षांत एकदाही न लावलेला,
माझ्याच बोअरच्या क्षारानं आतून खाल्लेला.
सुपडू हसला, "खान्देशमा हीटर कोणले लागस?
दोन नळ्या एकमेकले जोडी देसू. पाचशे रुपया."
मी हो म्हणणारच होतो.

"नवा बसवा," कोकिळा बाकावरून म्हणाली.
"डिसेंबरात तोरणमाळला जायचंय मला.
चार वर्षं झाली, जायचंय."

सामान धुळ्याहून यायला तीन दिवस.
डॅशबोर्ड उतरवला तर आत
एक लवंग, रुपयाचं नाणं,
मेहुणीच्या लग्नातल्या अक्षता, अजून पिवळ्या.
नळ्यांतून आधी विटेच्या रंगाचं पाणी आलं,
मग चहाच्या, मग कसलाच रंग नसलेलं.
मग हिरवं कूलंट, निम्म्याला निम्मं, विकतच्या शुद्ध पाण्यात.
"आता बोअरचं टाकलं ना, तर माझ्याकडे येऊ नका."

राहिली परीक्षा.
काचा बंद, हीटर पूर्ण, वीस मिनिटं.
बाहेर एक्केचाळीस.
आम्ही दोघं आत बसलो.
पथारीवरच्या बाया काम सोडून बघायला लागल्या.
घाम माझ्या भुवयांतून, तिच्या हनुवटीवरून.
गरम वारा पायांवर, रबराचा नवा वास,
गोड नाही.

तिनं वाकून चप्पल काढली,
तळवा मॅटवर टेकवला, उचलला,
पुन्हा टेकवला.
"कोरडं."
मी विचारणार होतो, नक्की ना?
नाही विचारलं.
काचही खाली घेतली नाही.
अजून बारा मिनिटं होती.