तक्ता क्रमांक सात

प्रश्न चौदावा : वीस वर्षांपूर्वी
एका खेपेला मासळी किती मिळायची?
दिवाळ्याच्या जेट्टीवर धर्मीबाईंनी
कोळंबी सोलायची थांबवली
आणि दोन्ही हात पसरले.
एवढी.

मी वहीत लिहिलं : हात पसरले.

नेरुळच्या खोलीत रात्री
सातव्या तक्त्याचा तिसरा रकाना
माझ्याकडे बघत बसला.
कुमठेकर मॅडमनी समासात
तांबड्या पेनानं एकच शब्द लिहिला होता : एकक?

उत्तरादाखल मी नऊ ओळींचं एक वाक्य रचलं.
त्यात 'अनुषंगाने' होतं, 'सद्यःस्थितीत' दोनदा,
घट नुसती नव्हती, 'दृग्गोचर' होत होती.
भरतीला आत शिरलेला माणूस
ओहोटीलाच बाहेर पडला असता.
मॅडमनी ते खोडलं. रागावल्या नाहीत,
म्हणून जास्त लागलं.

शनिवारी पुन्हा गेले.
हात नको मावशी, म्हटलं, भांडं दाखवा.
त्यांनी माळ्यावरून पाटी काढली,
बांबूची, काठ झिजलेली. तिच्यात कांदे होते.
कांदे फरशीवर ओतले.
मग ती काठोकाठ भरायला
बोईट कमी पडले.
शेजारून आणले. पुन्हा कमी.
तिसऱ्या घरातून परातभर आले, उसने,
तेव्हा कुठे पाटी भरली.
वजनकाटा म्हणाला : सोळा किलो चारशे.

अशा चार, त्या म्हणाल्या, एका खेपेला.
आज तीन घरं मिळून एक.
हे मी विचारलंच नव्हतं.
माझ्या बत्तीस प्रश्नांत
कुठेच नव्हतं.

मसुदा घेऊन गेले, मोठ्यानं वाचला.
प्रस्तावना चालू असताना त्यांनी दोन गिऱ्हाइकं केली.
पद्धतीशास्त्राला मांजर उठून गेलं.
एक्केचाळिसाव्या पानावर
'तीन घरं, एक पाटी' आलं
आणि कोयता थांबला.
"मंग ह्या पयल्या पानाव का नाय लिवला, पोरी?"

त्या रात्री चाळीस पानं मागे सरकवली.
पहिलं वाक्य पाच शब्दांचं झालं.
पाटीचं वजन तळटिपेत,
उसन्या माशांचा हिशोब परिशिष्टात, घरवार.
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, वाचलं,
आणि टोपण परत लावलं.

फक्त 'अभ्यासाच्या मर्यादा' या भागात
एक ओळ मी लिहिली, मग काढली,
मग पुन्हा ठेवली :
वजन होईपर्यंत कांदे फरशीवर पडून होते.
ते कुणी गोळा केले,
याची नोंद संशोधकाने घेतलेली नाही.