पसंत, नापसंत, सांगता येत नाही

एव्हरेट जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो.
आजी, बघ ना, निबंधासाठी आलेख केलाय.
लाल रेघ बेकारीची,
निळी लोकांच्या पसंतीची,
आणि मधूनमधून या ठिपक्यांच्या उभ्या भिंती,
जिथे एक राष्ट्राध्यक्ष गेला, दुसरा आला.
यातला सगळ्यात चांगला कोण गं?

मी चष्मा शोधते. तो डोक्यावरच असतो.

या लाल रेघेतले थोडे ठिपके माझ्या पेन्सिलीचे आहेत, राजा.
दिवसा सरकारी काम. लोरेनमधली दारं वाजवायची,
सरोवरावरून येणारा वारा कानात घेऊन विचारायचं:
गेल्या आठवड्यात पैशासाठी काही काम केलंत?
एक तास तरी?
एक तास कुणाचं गवत कापलं असलं
तरी माणूस कामावर.
नाही? मग गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?
शोधलं असेल तर बेकार.
शोधलं नसेल तर
बेकारसुद्धा नाही.

संध्याकाळी खाजगी कंपनी.
चपलांच्या दुकानावरचा मजला, वीस फोन, एक हीटर.
राष्ट्राध्यक्ष आपलं काम ज्या तऱ्हेने करताहेत
ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत?
ओटिलिया सेरानोला सगळेच पसंत.
बिचारा, म्हणायची, एवढं मोठं घर, झोप कुठली लागायला.
म्हातारा हलूपका सगळ्यांवर नापसंतीची फुली मारायचा,
ज्या वर्षी त्याला दोन-दोन नोकऱ्या होत्या त्या वर्षीही.
दोन आहेत म्हणूनच तर, म्हणाला, आणि फोन आपटला.
एकदा एक बाई नुसतीच हसली.
"आपलं काम? त्याला आहे होय?"
तिच्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

आता हे बघ, इथे, तुझी लाल रेघ जरा खाली वळते ना,
इथे तुझा मिलानमामा आहे.
मामा कसला, माझा भाऊ, तुझा मामाआजोबा.
भट्टी थंड झाल्यावर दीड वर्ष
तो दर सोमवारी दाढी करून बाहेर पडायचा.
क्लीव्हलँड, टोलेडो, एकदा तर थेट बफेलो,
गाडीत पेट्रोल कमी, खिशात तीच घडी पडलेली शिफारस.
मग एका सोमवारी त्याने दाढी केली नाही.
पुढच्या महिन्यात माझ्याच कचेरीतली जिनीव्हा
त्याच्या दाराशी उभी राहिली.
(मला पाठवलं नव्हतं. सख्ख्या भावाला विचारायची मनाई.)
शोधलंत?
नाही, म्हणाला.

असे किती मिलान असतील, मोजलं कुणी?
आकडा उतरला. पेपरात मोठ्या टायपात आला.
त्या आठवड्यात माझ्या फोनवर पसंती दोन बोटं वर सरकली.
मिलान कोचावरून ओरडला, वांदा,
मी काही न करता साहेबांना वर काढलं बघ!
हसलो आम्ही दोघं. तो जरा जास्तच वेळ हसत राहिला.

दरोग्यासारख्या या ठिपक्यांच्या भिंती
मला तर कधी दिसल्या नाहीत.
सरकारी इमारतीत आत शिरताना
समोरच्या फ्रेममधला चेहरा बदललेला असायचा, एवढंच.
माझी पेन्सिल, प्रश्न, पायऱ्या, त्याच.

मग निबंधात लिहू काय? एव्हरेट विचारतो.
मी म्हणते, रेघा खऱ्या आहेत, त्या खोडू नकोस.
फक्त रेघेखाली जागा सोड थोडी.

परवा मलाच फोन आला. कोवळा आवाज, घाईत.
राष्ट्राध्यक्ष आपलं काम ज्या तऱ्हेने...
मी विचारलं, तुला तासाला किती देतात रे?
तो थांबला. मागे वीसेक आवाज एकच वाक्य म्हणत होते.
मॅडम, हे माझ्या कागदावर नाहीये.
मी तुम्हाला 'सांगता येत नाही'मध्ये टाकू?

टाक, म्हटलं. आणि पाणी पी मधूनमधून,
घसा बसतो या कामात.