नवी नळी

दस्ता जुनाच. गाल टेकतो तिथलं वार्निश उडालेलं.
नळी मात्र कालच बसवून आली कुहमोहून.
उजेडाला धरली तर आत आटे,
शंखाच्या पोटासारखे वळत गेलेले.

एक गोळी. मग थांबायचं.
गज मागूनच सारायचा, तोंडाकडून कधीच नाही.
ओली चिंधी, नाकात झिणझिणणारा अमोनिया,
आणि पलीकडून निघते ती निळी,
मोरचुदासारखी निळी.

पुन्हा चिंधी. पुन्हा गोळी.
यार्मो गाडीला टेकून म्हणतो,
"मावशी, हल्ली कारखान्यातूनच घासून येतात त्या.
हे जुन्या लोकांचं खूळ."
"असेल," हेल्वी म्हणते,
आणि ब्रश बदलते.

नवव्या गोळीला फळीवर चिंध्यांचा ढीग:
गडद, फिकी, परत गडद,
एक नुसती कडेला निळसर.
तीच नेमकी कुत्रं पळवतं.
यार्मो मागे धावतो, ओरडत,
विष आहे रे ते, सोड!

तेवढ्यात तळ्याच्या त्या काठाला
मूसची मादी पाण्यात उतरते,
मागे वासरू, गुडघ्यांत अडखळणारं.
शिकारीला अजून सहा आठवडे.

हेल्वी बघत राहते.
हातातली चिंधी पांढरी निघाली का
ते बघायचं राहूनच जातं.