परिचय, पन्नास शब्दांत

दर तीन वर्षांनी शाळेची माहितीपुस्तिका नव्यानं छापतात
आणि मी, नियामक मंडळाची चिटणीस, सातही जणांना कळवते:
स्वतःविषयी पन्नास शब्द. शुक्रवारपर्यंत.
फोटोत शक्यतो हसावं.

विनिफ्रेड पोसलथ्वेटबाईंचं उत्तर त्याच संध्याकाळी:
'व्हाइटहेवनच्या गोदीत एकतीस वर्षं हिशेबतपासनीस. निवृत्त. मधमाश्या.'
मधमाश्यांपुढे असा पूर्णविराम
की ताळेबंदाखाली ओढलेली दुहेरी रेघ.

डॉक्टर एन्केची ओबिओरा भूल देतात.
त्यांचे शब्द नेमके पन्नास, मी मोजले.
त्यात पदव्या आहेत, एनुगू नाही,
रात्रपाळीहून परस्पर बैठकीला येताना
बुटांवर तशीच राहिलेली निळी प्लास्टिकची टोपडी नाहीत.

कॅनन ऑब्रींचे एकशे चाळीस.
मी दोन पणजोबा आणि एक बिशप कापला.
दोघं वकील आहेत, त्यांनी एकच वाक्य पाठवलं,
फक्त गावं वेगळी.
अध्यक्ष पियर्स हॅदर्सल: याच शाळेचे, त्यांचे वडील याच शाळेचे,
जेवणघराच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत आजोबाही.

कीथ बर्केटनं एकच शब्द पाठवला.
'छपरं.'
मी फोन केला. मागे वारा होता, हातोडी होती.
म्हणाला, लिही, आई इथं स्वयंपाकघरात होती.
मग म्हणाला, नको, खोड.
लिही: स्थानिक उद्योजक.

(चिटणिसाचा परिचय छापत नाहीत.)

फेब्रुवारीची बैठक. सॉलवेवरून आलेला पाऊस
पूर्वेकडच्या छपरातून थेट ग्रंथालयातल्या बादलीत,
आणि आम्ही शेजारच्या खोलीत, बादली ऐकत.
विषय पहिला: हितसंबंध जाहीर करणे.
कुणाचे काही नाहीत. कधीच नसतात.
विषय सातवा: छपरासाठी पैसे.
दरवर्षी गावातली दोन मुलं बिनाफीची घेतो,
त्या दोन जागा पाच वर्षं बंद ठेवल्या, तर
जमतंय, असं खजिनदार-वकील म्हणाले.
आलेख छान होता, निळा.

कीथ बोलला तेव्हा मला वाटलं खोकतोय.
'पहिल्या विषयावर मागे जाता येईल का?'
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. येईल.
'त्या दोनांतला एक मी होतो. एकोणऐंशीचा सप्टेंबर.
नाताळपर्यंत टिकलो.'
कुणी तरी कप बशीत ठेवला, फार हळू.
'दुपारी रांगेत ताट पुढे केलं, वाढणारी आई होती.
मागे हॅदर्सलांचा पोरगा उभा.
मी तिला म्हणालो, थँक यू, मॅडम.
तिनं एक बटाटा जास्त घातला.'

बादलीत पडत होतं.
पियर्स हॅदर्सलांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
'स्लेट विकत घ्या,' कीथ म्हणाला, 'मजुरी माझी.
घरी मी परत गेलो, ते वेगळं.
पण दार होतं म्हणून आत तरी गेलो होतो.'

मी तीस वर्षं इतिवृत्त लिहिते आहे.
बटाटा कसा लिहायचा, ते मला येत नाही.
लिहिलं: श्री. बर्केट यांनी हितसंबंध जाहीर केला.
विनिफ्रेडबाईंचा हात
ठराव वाचायच्या आधीच विरोधात वर होता,
अध्यक्षांनी दोनदा खुणावलं तरी खाली येईना.
ठराव पडला, चार विरुद्ध तीन.
कुणाचं मत कुठे, हे नोंदवायची आपली पद्धत नाही,
पण चौथा हात वर जायला वेळ लागला,
आणि त्याच्या बाहीला शाळेच्या चिन्हाचं बटण होतं.

मार्चमध्ये छापखान्यातून विचारणा:
एका फोटोखाली दोनच शब्द, बाकी पांढरं,
तिथं काही टाकायचं का? शाळेचं बोधवाक्य वगैरे?
खिडकीतून शिडीचे खालचे चार पाय-दांडे दिसत होते,
वरचं काही दिसत नव्हतं, नुसता ठोकण्याचा आवाज.
म्हटलं, राहू द्या.