बोदा

फीऐवजी टायर चालतील, मानांग लुमिंग म्हणाली.
मी सहा दिले, ट्रायसिकलचे, झिजून गुळगुळीत झालेले.
तिनं ते नारळाच्या खांबावर एकावर एक ओवले,
वर माझंच तडकलेलं हेल्मेट बसवलं
आणि म्हणाली, याला राग येत नाही.
आधी याच्याकडून शीक.

तेव्हा मी अडतीसचा होतो.
ती अजूनही मला तोतो म्हणते,
शेंबड्या पोराला म्हणावं तसं.

तिची शाळा म्हणजे डुकरांच्या कुडामागचं अंगण.
सुतळीला टांगलेलं एक कलामान्सी, लिंबाहून लहान:
काठीचं टोक त्याला लागलं पाहिजे, आणि ते हलता कामा नये.
ॲल्युमिनियमचे बोथट सुरे, रॉकेलच्या जुन्या डब्यात.
भिंतीला बाहीच्या दोन काठ्या, काळ्याशार,
त्या माणसासमोर उचलायच्या नाहीत.
बाही हाड विचारत नाही.

बाकी सगळा वेत.
तो ती स्वतः भाजते, विस्तवावर फिरवत,
गुडघ्याखाली दाबून वाक काढते,
बगलेपासून मनगटापर्यंत मोजून कापते,
ज्याची काठी त्याच्या हाताएवढी.
मग आम्ही ती झोडतो. महिन्याभरात
पेरांपाशी कुसळं सुटतात,
आणि काठीवर काठी खरीच बसली
तर क्षणभर जळका वास येतो,
भात खाली लागल्यासारखा.

उनो. दोस. त्रेस.
आकडे परक्यांचे, वार आपले,
म्हणते, आणि थुंकते.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
आमच्याकडे पाठ करून ती बाकावर बसते,
मुगाच्या शेंगा सोलते
आणि ऐकते.
सिनावाली म्हणजे चार काठ्यांची चटई,
एक धागा चुकला की तिची मान हलते:
"जोसलिन, मनगट."
"व्हर्जिलियो, तू मोजतोयस. मारत नाहीयेस."
वेत आतून मेला की आमच्याआधी तिला कळतं.
जिवंत वेत टणटणतो, मेलेला बोदा बोलतो.
"बदल ती," न वळता म्हणते.

वर, वाशाला, तिच्या बापाची एस्पादिंग, ऊसतोडीची.
पात्याला एक खाच.
त्या खाचेवर आम्ही काय काय रचलं होतं!
मळ्याचा मुकादम, अमावास्या, बंदूकवाले तिघं.
शेवटी जोसलिननं विचारलंच.

"सार्डिनचा डबा," मानांग म्हणाली.
"आई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही."

मग आपणहूनच पुढे:
पोरींना शिकवायचं नाही असा त्याचा नेम.
ती फक्त काठ्या वाहायची, तुटक्या गोळा करायची,
आणि मळ्यामागे केळीच्या खुंटांवर मारून बघायची.
"सगळ्या केळी डावीकडून सोललेल्या. मी डावरी.
त्यानं पाहिलं. बोलला काही नाही.
पण पुढच्या खेपेला भाजलेल्या काठ्यांत
एक आखूड निघाली.
मी बगलेला लावून पाहिली."

गेल्या जूनमध्ये माझा रेनांते जहाजावर गेला,
जाताना न सांगता, माझ्याशी न बोलता.
मी कुणाजवळ बोललो नव्हतो.
संध्याकाळी नेहमीसारखा आलो,
टायरवर शंभर घालायला लागलो, नेहमीसारखे.

तिच्या बोटांतली शेंग थांबली.
"तोतो, काठी बदल."
बदलली. पुन्हा उनो, दोस.
"बदल."
"मानांग, ही नवी आहे. कालच भाजलीय तुम्ही."

बराच वेळ नुसत्या शेंगा फुटत राहिल्या.
"असं होय," ती म्हणाली. "मग बस इथे."

मी बसलो.
समोर कारल्याचा वेल,
आमच्या मेलेल्या वेतांवर चढलेला.
तिनं सूप
अर्धं माझ्याकडे सरकवलं.